जहाजावरचें मांजर

समुद्राविषयीं बोलण्याचा सोलापूरकरास फारसा अधिकार नाहीं, हें आम्हांस पूर्णपणें मान्य आहे. आमच्या गांवापासून मुंबईपर्यंतचा लोहमार्गच साडेचारशें किलोमीटरांचा. आणि तो ओलांडून जो समुद्र भेटतो तो चौपाटीवर भेळ खातां खातां पाहण्याचा, त्यावर जाण्याचा नव्हे. आमचें जलदर्शन म्हणजे सिद्धेश्वराचें तळें, आणि नळाला पाणी येणें व न येणें हीच काय ती आमची भरती-ओहोटी. अशा माणसानें युद्धनौकेविषयीं लिहावयास बसावें हें धाडसच होय. परंतु आमचा विषय युद्धनौका नसून तिच्यावरील मांजर हा आहे. आणि मांजराविषयीं बोलण्याचा अधिकार ज्याच्या घरांत दूध तापतें त्या प्रत्येकास आहे.

गेल्या दिवाळींत आमची नात आठ दिवस आमच्याकडे राहावयास आली होती. वय वर्षें नऊ; मांजरावांचून जगांत पाहण्यासारखें दुसरें कांहीं नाहीं, असें तिचें ठाम मत. एका रात्रीं जेवणें आटोपल्यावर काय पाहावें याविषयीं आजोबा-नातींत मतभेद झाला. आम्हांस जुना युद्धपट पाहावयाचा होता. तिला लढाईचा कंटाळा. शेवटीं 'यांत एक मांजर आहे' एवढ्या आश्वासनावर ती कबूल झाली, आणि अडकित्ता घेऊन तिची आजीही येऊन बसली. चित्रपट होता १९५७ सालचा, 'यांगत्से इन्सिडेंट' नांवाचा. दिग्दर्शक मायकेल अँडरसन; नायकाच्या भूमिकेंत रिचर्ड टॉड.

ज्या वाचकांस ही कथा ठाऊक नसेल त्यांच्यासाठीं ती थोडक्यांत सांगतों. १९४९ च्या एप्रिल महिन्यांत चीनमधील यादवी युद्ध निकालास येत चाललें होतें. यांगत्से नदीच्या उत्तर तीरावर माओ त्से-तुंग यांची फौज येऊन ठेपली होती; दक्षिण तीर अद्याप चँग कै-शेक यांच्या पक्षाकडे होता. नानकिंग येथील ब्रिटिश वकिलातीच्या दिमतीस असलेल्या नौकेची जागा घेण्याकरितां 'अ‍ॅमेथिस्ट' ही युद्धनौका शांघायहून नदीनें वर निघाली. २० एप्रिलच्या सकाळीं उत्तर तीरावरील तोफा तिच्यावर सुरू झाल्या. नौका गाळांत रुतली, अनेक खलाशी ठार झाले, आणि कप्तान स्किनर यास प्राणांतिक जखमा झाल्या. मदतीस धांवलेल्या दुसऱ्या ब्रिटिश नौकांनाही मार खाऊन परतावें लागलें. मग वकिलातींतील केरन्स नांवाच्या नाविक अधिकाऱ्यानें येऊन सूत्रें हातीं घेतलीं. उन्हाळाभर वाटाघाटी चालल्या. त्यांतून निष्पन्न कांहींच होईना. अखेर १०१ दिवस अडकून पडल्यावर ३० जुलैच्या रात्रीं अ‍ॅमेथिस्ट अंधारांत निसटली, आणि शंभराहून अधिक मैल नदी कापून पहाटे समुद्रास मिळाली.

चित्रपट काढतांना मौज अशी झाली कीं, मोडींत काढावयाची ठरलेली खरीखुरी अ‍ॅमेथिस्टच चित्रीकरणासाठीं मिळाली. परंतु तिचीं यंत्रें चालत नव्हतीं. म्हणून जेथें जेथें नौका चालतांना दाखवावयाची, तेथें 'मॅगपाय' नांवाची दुसरी युद्धनौका वापरली. आणि यांगत्से म्हणून जी नदी आपण पडद्यावर पाहतों, ती इंग्लंडांतील सफोक परगण्यांतली ऑर्वेल नदी. म्हणजे जी नौका खरी होती ती चालत नव्हती, जी चालत होती ती खरी नव्हती, आणि नदी तर दोघींपैकीं एकीचीही नव्हे. चित्रण संपल्यावर खरी नौका खरोखरच मोडून टाकली. मांजरही अर्थातच बदली होतें. कारण खरें मांजर चित्रीकरणापूर्वीं सहा-सात वर्षें जग सोडून गेलेलें होतें.

त्या खऱ्या मांजराचें नांव सायमन. काळ्या-पांढऱ्या रंगाचा बोका. १९४८ च्या मार्चमध्यें हाँगकाँगजवळच्या स्टोनकटर्स बेटावर तो उपाशी हिंडत असतां हिकिनबॉटम या सतरा वर्षांच्या खलाशाच्या दृष्टीस पडला, आणि त्या पोरानें त्याला चोरूनच नौकेवर आणलें. पुढें खुद्द कप्तानाचीच मर्जी त्याच्यावर बसली. कप्तानाच्या टोपींत अंगाचें वेटोळें करून झोपणें, आणि मारलेला उंदीर कप्तानाच्या अंथरुणावर नेऊन ठेवणें, हे त्याचे दोन नित्यक्रम. आपण केलेलें काम वरिष्ठांच्या नजरेस नीट पडेल अशा जागीं ठेवावें, हें साऱ्या कारकुनी आयुष्यांत आम्हांस साधलें नाहीं. तें या हाँगकाँगच्या अनाथास पहिल्या आठवड्यांतच साधलें.

२० एप्रिल रोजीं कप्तानाच्या खोलीवर गोळा आदळला तेव्हां सायमन तेथेंच होता. मिशा जळाल्या, तोंड भाजलें, अंगांत लोखंडाचे तुकडे रुतले. तो रात्र काढील असें कोणास वाटलें नाहीं. तो वांचला. इकडे अडकलेल्या नौकेंत उंदरांची प्रजा वाढत होती आणि कोठारांतलें धान्य कमी होत होतें. बरा होतांच सायमन कामावर रुजू झाला. खलाशांनीं एका दांडग्या उंदराचें नांव माओ त्से-तुंग असें ठेविलें होतें. त्याचाही त्यानें समाचार घेतला. जखमी पोरांच्या बिछान्यावर जाऊन तो बसे, आणि ज्यांना बोलवत नव्हतें त्यांचे हात त्याच्या पाठीवरून फिरत, असें सांगतात. त्यांतल्या कित्येकांचीं वयें कॉलेजांतल्या मुलांएवढीं होतीं, हें ध्यानांत घेतलें म्हणजे या गोष्टीला अतिशयोक्ति म्हणण्याचा धीर आम्हांस होत नाहीं.

जहाजावर मांजर ठेवण्याची चाल कांहीं हौसेची नव्हे. उंदीर धान्य खातो, दोर कुरतडतो, आणि बंदरोबंदरीं रोग घेऊन उतरतो. या शेवटल्या गोष्टीची खात्री महाराष्ट्रास कोणी करून देण्याची गरज नाहीं. १८९६ नंतरच्या प्लेगच्या वर्षांत 'घरांत उंदीर पडला' हे तीन शब्द ऐकतांच भरलें घर टाकून माणसें रानांत झोंपडी बांधावयास निघत. त्याच सुमारास वऱ्हाड-नागपुराकडे बुकॅनन नांवाचा एक लष्करी वैद्य गांवोगांव मांजरांची मोजदाद करवीत असे. जेथें मांजरें पुष्कळ तेथें प्लेग थोडा, असें त्याचें प्रतिपादन होतें आणि १९०८ सालीं त्यानें तें विलायतेंतील वैद्यकीय नियतकालिकांत छापविलें. मांजर आडवें गेलें म्हणून घरीं परतणाऱ्या आमच्या समाजानें त्या साहेबाचें म्हणणें कितपत मनावर घेतलें असेल, याची आम्हांस शंका आहे.

अ‍ॅमेथिस्ट सुटल्यावर सायमनची कीर्ति विलायतेस तिच्या आधीं पोंचली. मारिया डिकिन या बाईंनीं गरिबांच्या जनावरांकरितां १९१७ मध्यें दवाखाना काढला होता; युद्धांत कामगिरी करणाऱ्या जनावरांसाठीं १९४३ पासून त्यांच्या नांवाचें एक पदक देण्यांत येऊं लागलें. १९४९ पर्यंत तीं ५४ पदकें दिलीं गेलीं. त्यांत कबुतरें ३२, कुत्रे १८, घोडे ३. आणि मांजर हें एकच. सायमनच्या नांवें इतकीं पत्रें येऊं लागलीं कीं, त्यांचीं उत्तरें धाडण्याचें काम नौकेवरील एका अधिकाऱ्याकडे सोंपवावें लागलें. १ नोव्हेंबर रोजीं नौका प्लिमथ बंदरास लागली. माणसें वाजतगाजत घरोघर गेलीं. बाहेरदेशाहून आलेलें जनावर कांहीं महिने वेगळें ठेवावें असा तेथला कायदा. म्हणून सायमन पिंजऱ्यांत गेला, आणि २८ नोव्हेंबर रोजीं, पदक गळ्यांत पडण्यापूर्वींच, आंतड्याच्या विकारानें मेला. पूर्वीच्या जखमांनीं त्याचें शरीर खिळखिळें झालें होतें असें म्हणतात. लंडनजवळ इलफर्ड येथें जनावरांच्या स्मशानांत त्याला पुरलें आहे.

आतां पुन्हा पडद्याकडे वळूं. एवढें चरित्र ज्याच्या पाठीशीं, त्या मांजराला चित्रपटांत जागा थोडीच आहे. तोफा, सुकाणू, नकाशे आणि कपाळावर आठ्या घातलेले अधिकारी यांच्या गर्दींत तें दिसतें आणि जातें. पण आमचा अनुभव असा कीं, तें दिसलें त्या क्षणापासून आमची नात ब्रिटिश झाली. गोळा पडला कीं ती विचारी, "मांजर कुठं आहे?" माणूस पडला तर ती गप्प बसे. आम्ही तिला हंसलों खरे. परंतु थोड्याच वेळानें आमच्या ध्यानांत आलें कीं, आम्हीही पुढें सरकून बसलों आहों, आमचेही हात गुडघ्यांवर घट्ट दाबले गेले आहेत, आणि किनाऱ्यावरच्या तोफा एकदांच्या थंड व्हाव्या अशीच आमचीही मनोमन प्रार्थना चालली आहे.

मांजराला झेंडा कळत नाहीं. तें ज्याच्या मांडीवर बसतें त्याला आपला निरागसपणा थोडा उसना देतें. मुत्सद्द्यांस हें गुपित चांगलें ठाऊक असतें. १९४१ च्या ऑगस्टमध्यें चर्चिलसाहेब 'प्रिन्स ऑफ वेल्स' या नौकेवरून रूझवेल्टांस भेटावयास अटलांटिकपार गेले, तेव्हां त्या नौकेवरच्या ब्लॅकी नांवाच्या मांजरास वांकून थोपटतांनाचें त्यांचें छायाचित्र जगभर गेलें. ज्या वर्षीं आमचे पुढारी याच गृहस्थाच्या राज्यांत तुरुंगाच्या वाऱ्या करीत होते, त्या वर्षींचें तें चित्र आहे. आणि आज तें पाहतांना आम्हांस चर्चिलविषयीं क्षणभर बरें वाटतें, ही गोष्ट आम्ही लपवून ठेवीत नाहीं. पुढें चारच महिन्यांत ती नौका जपानी विमानांनीं मलायाजवळ बुडविली.

चित्रपट शेवटाकडे आला. अ‍ॅमेथिस्ट निसटते त्या रात्रीं नदींतून एक उतारूंचें जहाज खालीं चाललें होतें. 'कियांग लिंग लिबरेशन' हें त्याचें नांव. केरन्सनें आपली नौका त्याच्या मागोमाग घातली, कीं त्याच्या आडोशानें पुढें जातां यावें. किनाऱ्यावरून संशयाचा दिवा उडाला, तोफा धडाडल्या, आणि त्या गोंधळांत तें उतारूंचें जहाज पेटलें व बुडालें. कोणाच्या गोळ्यानें, याविषयीं दोन्ही पक्ष परस्परांकडे बोट दाखवीत राहिले. आम्ही नातीला हें समजावून सांगत होतों; अ‍ॅमेथिस्ट तर वेगानें पुढें चालली होती, सनई-चौघडा तेवढा वाजावयाचा बाकी होता. इतक्यांत ती म्हणाली, "आजोबा, त्या दुसऱ्या बोटीवर मांजर नव्हतं का?"

आम्हांस उत्तर सुचलें नाहीं. असेलही. चिनी माणूस मांजर पाळीत नाहीं असें थोडेंच आहे! आणि नसलें तरी तेथें माणसें होतींच. पण तीं आमच्या ओळखीचीं नव्हतीं. त्यांच्यातला कोणीही टोपी काढून, कानामागें खाजवीत, आमच्याकडे पाहून हंसला नव्हता.

आणि मग एकाएकीं आम्हांस स्मरण झालें कीं, दुसऱ्या कोणा गांवच्या माणसाचें समजूं शकतों, परंतु सोलापूरच्या माणसानें तो काठ इतका परका मानावा, हें बरोबर नव्हे. त्या काठाशीं आमच्या गांवाची सोयरीक आहे. १ सप्टेंबर १९३८ रोजीं मुंबई बंदरांतून जे पांच हिंदी डॉक्टर चीनला जावयास निघाले, त्यांत सोलापूरचे द्वारकानाथ कोटनीस होते. हाँगकाँग, कँटन, हँकौ करीत याच यांगत्सेच्या वरल्या अंगानें तीं मंडळी चुंगकिंगला पोंचलीं, आणि १९३९ च्या फेब्रुवारींत येनानला. वडील वारल्याची वार्ता कोटनीसांना तिकडेच कळली. तरी ते परतले नाहींत. माओंच्या आठव्या फौजेंतील जखमींवर त्यांनीं शस्त्रक्रिया केल्या, तेथल्याच मुलीशीं लग्न केलें, आणि ९ डिसेंबर १९४२ रोजीं बत्तिसाव्या वर्षीं तेथेंच देह ठेविला. त्यांचें आमच्या गांवांतलें घर आज स्मारक म्हणून जपलें आहे. शाळेच्या मुलांना तेथें रांगेनें नेतात. हा माणूस आणखी सात वर्षें जगता, तर १९४९ च्या त्या सकाळीं अ‍ॅमेथिस्टवर गोळे टाकणाऱ्या तोफांमागें कोठें तरी एखाद्या तंबूंत उत्तर तीरावरच्या जखमींचे पाय बांधीत बसलेला असता, असें मानण्यांत फारशी कल्पनाशक्ति खर्चावी लागत नाहीं. अ‍ॅमेथिस्टनें आणि तिच्या मदतीस आलेल्या नौकांनीं उलट तोफा डागल्याच होत्या. तीरावरही माणसेंच होतीं.

त्या नदींत परक्यांच्या युद्धनौका फिरत होत्या त्याही कांहीं चिनी लोकांनीं अक्षत देऊन बोलाविल्या नव्हत्या. एकोणिसाव्या शतकांतल्या लढाया आणि त्यांतून लादलेले तह यांच्या जोरावर त्या तेथें शिरल्या. आमच्या गांवानें १९३० च्या मे महिन्यांत लष्करी कायदा भोगला आहे. गांधी टोपी घातल्याबद्दल माणसांना मार पडला, आणि पुढील जानेवारींत चौघे फांसावर गेले. त्यांचे पुतळे चौकांत उभे आहेत. त्या दिवसांत ज्यांच्या खिडकीखालून गोऱ्या सोजिरांचा पहारा फिरत होता, त्यांना जर कोणी त्या पलटणीचें मांजर दाखविलें असतें, तर त्यांनीं त्याला दूध घातलें असतें कीं नाहीं? आमचा अंदाज असा कीं, घातलें असतें. पण त्यामुळें पहारा उठावा असें वाटणें कमी झालें नसतें.

यावरून चीनची वकिली करण्याचा आमचा हेतु आहे असें कोणी समजूं नये. १९६२ सालीं काय झालें तें आम्हांसही माहीत आहे. आणि आपल्या नायकाच्या बाजूनें पाहावें हें चित्रपटाचें कामच आहे, व्ही. शांताराम यांनीं १९४६ सालीं 'डॉ. कोटनीस की अमर कहानी' काढला तेव्हां त्यांनींही तेंच केलें. कोटनीस स्वतः शांतारामबापूच झाले, आणि चीन इकडल्या इकडेच उभा राहिला. ऑर्वेलला यांगत्से म्हटलेलें आम्ही सहन केलें, तर तेंही त्यांनीं सहन करावें. आमची तक्रार त्या इंग्रज दिग्दर्शकाविरुद्ध मुळींच नाहीं. त्यानें मांजर दाखविलें. आमच्या डोळ्यांना बांधून ठेवण्यास तेवढें पुरलें, हा दोष कोणाचा?

आणि हें आम्हांस त्या रात्रीं पहिल्यानेंच घडलें असेंही नाहीं. येथून पुढची गोष्ट आमच्या घरची आहे.

ज्या गांवाला एके काळीं गिरण्यांचे भोंगे उठवीत असत आणि झोंपवीत असत, त्या गांवांतल्या एका गिरणींत आम्ही कांहीं वर्षें सुताच्या कोठाराचे हिशेब लिहीत होतों. गिरणी म्हणजे जमिनीवर उभें असलेलें जहाजच. आंत धडधडणारें यंत्र, वर धूर ओकणारें धुराडें, ठरल्या घटकेस बदलणाऱ्या पाळ्या. आणि उंदीरही तसेच. सुताला द्यावयाची खळ पिठाची, ती उंदरांना फार प्रिय. तेव्हां तेथेंही एक बोका होता. करड्या रंगाचा, एका कानाची किनार फाटलेली. साच्यांच्या रांगांमधून तो शेपूट उभारून अशा ऐटींत फिरे कीं कामगारांनीं त्याचें नांव मुकादम ठेविलें होतें. खरा मुकादम याच वाटेनें येऊं लागला कीं ते मोठ्यानें 'मुकादम आला रे' म्हणून ओरडत, आणि तक्रार झालीच तर बोक्याकडे बोट दाखवीत. त्याचें खाणेंपिणें पाही फाटकावरचा रात्रपाळीचा पहारेकरी. अक्कलकोटकडल्या एका खेड्यांतला तो उंच, वाळलेला माणूस. मराठी बोलतां बोलतां कानडींत शिरे. ज्वारीची भाकर दुधांत कुस्करून आधीं बोक्यापुढें ठेवी, मग आपण जेवावयास बसे.

गिरणी बंद पडली. कशी पडली, कोणामुळें पडली, यांत आम्ही शिरत नाहीं. कुलूप लागल्यावर आठ-दहा दिवसांनीं गांवांतल्या एका वर्तमानपत्रांत फाटकावर बसलेल्या मुकादमाचें छायाचित्र आलें. बंद फाटक, त्यावर लोंबणारें कुलूप, आणि वर रस्त्याकडे पाहत बसलेला तो फाटक्या कानाचा बोका. सारा गांव हळहळला. आमच्या ओळखीच्या एका वकीलबाईंनीं दूध पाठविलें. शाळेंतलीं मुलें बिस्किटें घेऊन गेलीं. शेवटीं आम्हीं त्याला पोत्यांत घालून घरीं आणलें, आणि चार लोकांनीं त्याबद्दल आमची वाखाणणी केली, ती आम्हीं संकोच न करितां घेतली.

मुकादम आमच्याकडे तीन वर्षें राहिला. पहिल्या वर्षींच, पावसाळ्याच्या तोंडाला, एके दुपारीं तो पहारेकरी आमच्या दारांत उभा राहिला. चप्पल बाहेर काढून, ओट्याच्या खालच्या पायरीवर बसला. बोक्यानें त्याचा वास ओळखला असावा. तो आंतून धांवत आला आणि त्याच्या मांडीवर चढून बसला. चहा दिला, तो त्यानें बशींत ओतून घेतला आणि थोडा बोक्यापुढें धरला. आम्ही त्याला सगळें सांगितलें. मुकादम दूध किती पितो, कोणत्या कोपऱ्यांत झोपतो, शेजारच्या कुत्र्याला त्यानें कसें वठणीवर आणलें. त्यानें सगळें ऐकून घेतलें. मध्येंच एकदां म्हणाला, "फंडाचे पैसे अजून न्हाई मिळाले, साहेब." आम्ही म्हटलें, "मिळतील, मिळतील. कोणाचेच मिळालेले नाहींत." आणि पुन्हा बोक्याच्या पराक्रमाकडे वळलों. थोड्या वेळानें त्यानें बोक्याला उचलून पायरीवर ठेविलें, अंगावरचे केस झाडले, आणि 'येतो' म्हणून गेला. तो कसा आला होता, कोठून आला होता, घरीं कोण आहे, काय करतो, यांतलें एक अक्षर आम्हीं विचारलें नाहीं. पुन्हा तो आला नाहीं.

मुकादम म्हातारा होऊन मेला तेव्हां परसांत लिंबाखालीं त्याला पुरला. दगड अजून आहे. नातीला तो ठाऊक आहे. त्यावर ती दर दिवाळींत एक पणती ठेविते.

चित्रपट संपून दिवा लागला तरी ती त्या दुसऱ्या बोटीविषयींच विचारीत होती: ती कुठं चालली होती, तिच्यावर मुलं होती का, त्यांना पोहता येत होतं का. जें ठाऊक नव्हतें तें नाहीं म्हणून सांगितलें. मग विषय बदलावा म्हणून आम्ही तिला मुकादमाची आणि त्या पहारेकऱ्याची गोष्ट सांगूं लागलों. ती मध्येंच थांबवून म्हणाली, "मुकादम माहीत आहे. त्या माणसाचं नाव काय?"

आम्ही आठवूं लागलों. पगाराच्या वहींत दर महिन्यास तें नांव आमच्याच हातानें लिहिलेलें होतें. वहीचा निळा पुठ्ठा आठवला, रकाना आठवला, त्याचा आंगठा उमटे ती जागा आठवली. नांव आठवलें नाहीं. शेवटीं नातीच्या आजीकडे पाहिलें. ती सुपारीचें खांड कातरतां कातरतां थांबली होती.

"मामा," ती म्हणाली. "सगळे त्यांना मामाच म्हणत."